पहिल्या तासाला बी देत नाही

(घरच्या घरी भाजी पिकवण्याविषयीच्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातली वाक्यं शक्यतो तशीच ठेवली आहेत. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न आहेत.)

मे महिन्याच्या या उकाड्यात इतके लोक आलात, त्याबद्दल आधी आभार. मृग लागायला आता थोडेच दिवस उरलेत. दरवर्षी याच सुमाराला आम्हाला फोन सुरू होतात: "यंदा काहीतरी लावायचंय, काय लावू?" आज आम्ही त्या प्रश्नाचं उत्तर देणार आहोत, पण जरा लांबच्या वाटेनं. कारण बरीच वर्षं आम्ही हे उत्तर चटकन देत होतो, आणि ते चुकत होतं.

आम्ही म्हणजे पुण्यातले चार-पाच जण. कुणी शेतकीत शिकलेलं, कुणी बँकेतून निवृत्त, एक जण शाळेत गणित शिकवणारे. गच्चीवर, बाल्कनीत, खिडकीच्या कठड्यावर भाजी कशी पिकवायची ते आम्ही नवख्या लोकांना शिकवतो. आमचा विषय बागकाम, पण आजचं बोलणं खरं तर शिकवण्याविषयी आहे.

धुऊन परत आलेली कुंडी

सुरुवातीच्या काळात आमचा वर्ग फार लोकप्रिय होता. का, तर आम्ही पहिल्याच दिवशी प्रत्येकाच्या हातात टोमॅटोचं रोप द्यायचो. कुंडी, माती, रोप, सगळं तयार. लोक हसत हसत घरी जायचे. असाच एक वर्ग आम्ही फेब्रुवारीच्या शेवटी घेतला. त्यात एक काकू होत्या, साठी ओलांडलेल्या. वही घेऊन पहिल्या रांगेत बसायच्या. आम्ही फळ्यावर लिहिलेलं एकूण एक अक्षर उतरवून घ्यायच्या.

एप्रिलच्या शेवटी त्यांनी कुंडी परत आणून दिली. आतली माती काढून, स्वच्छ धुऊन, कोरडी करून. म्हणाल्या, "दुसऱ्या कुणाला तरी द्या. फुलं आली, सगळी गळून गेली. मग रोपही गेलं. माझ्या हाताला गुणच नाही हो."

आम्ही नेहमीसारखं म्हटलं, "असं काही नसतं काकू, पुन्हा लावा." त्या हसल्या आणि गेल्या. पुढच्या वर्गाला आल्या नाहीत.

नंतर आम्ही त्या तुकडीतल्या बाकीच्यांना फोन केले. बहुतेकांचं तेच झालं होतं. फुलं आली आणि गळाली. गंमत बघा, फोनवर एकानंही आम्हाला दोष दिला नाही. कुणी म्हणालं मी पाणी घालायला विसरलो असेन, कुणी म्हणालं आमच्या घरात झाडंच जगत नाहीत. सगळ्यांनी दोष स्वतःकडे घेतला.

आणि दोष होता आमचा. टोमॅटोचं एक साधं गणित आहे. दिवसाचं तापमान ३५ अंशांच्या वर जायला लागलं आणि रात्रीही गरम राहायला लागल्या, की त्याच्या फुलातले परागकण नीट काम करत नाहीत. फळ धरत नाही, फूल गळतं. फेब्रुवारीच्या शेवटी लावलेल्या रोपाला फुलं येणार एप्रिलमध्ये. पुण्याचा एप्रिल म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. म्हणजे ज्या दिवशी आम्ही ते रोप काकूंच्या हातात दिलं, त्याच दिवशी त्याचा निकाल लागला होता. काकूंनी ते कितीही जपलं असतं, तरी टोपलीभर टोमॅटो काही मिळाले नसते.

"हाताला गुण" हा आपल्याकडचा मोठा गोड शब्दप्रयोग आहे. अमुक वहिनींच्या हातानं लावलं की काहीही उगवतं, असं आपण कौतुकानं म्हणतो. पण त्याची दुसरी बाजू फार वाईट. ज्याचं रोप मेलं, त्याला वाटतं आपल्यातच काहीतरी कमी आहे. आणि एकदा असं वाटलं की माणूस कारण शोधायचं थांबतो. रोप मेलं तर त्याला कारण असतं. ऊन, पाणी, हवा, माती, हंगाम, कीड, या सहांपैकी काहीतरी असतं. ते शोधता येतं. नवख्या माणसाला शिकवायचं ते हे. रोप वाटणं म्हणजे शिकवणं नव्हे.

तेव्हापासून आम्ही पहिल्या तासाला बी देत नाही. रोपही देत नाही. एक कागद देतो.

आधी ऊन मोजा

त्या कागदावर सकाळी सहापासून संध्याकाळी सहापर्यंतचे तास लिहिलेले असतात. घरी जायचं आणि सुट्टीच्या एका दिवशी दर तासाला बघायचं, आपल्या बाल्कनीत ऊन कुठे पडलंय. जिथे पडलंय तिथे खडूनं खूण करायची. बस्स. लोक आधी नाराज होतात. "आमच्याकडे भरपूर ऊन येतं हो," असं सगळे म्हणतात. मोजल्यावर कळतं की भरपूर उजेड येतो, ऊन येतं दोन तास.

फळभाजीला, म्हणजे टोमॅटो, मिरची, वांगी, भेंडी, कारली यांना थेट ऊन सहा तास तरी लागतं. पालेभाजीचं तीन-चार तासांत भागतं. अळू, पुदिना, गवती चहा यांचं थोडं कमी असलं तरी निभतं. साधा नियम लक्षात ठेवा: ज्याचं पान खायचं त्याला ऊन कमी चालतं, ज्याचं फळ खायचं त्याला जास्त लागतं. कारण सरळ आहे. पान उन्हावर अन्न तयार करतं, आणि ते शिलकीत पडलं तरच झाड फळात भरतं. मिळकत बेताची असेल तर शिल्लक कुठून येणार?

आता आणखी एक गोष्ट, जी आम्हालाही उशिरा कळली. ऊन वर्षभर एका जागी राहत नाही. पुणं साधारण साडेअठरा अक्षांशावर आहे. डिसेंबरमध्ये भर दुपारी सूर्य दक्षिणेला, क्षितिजापासून साधारण ४८ अंशांवर असतो. त्यामुळे दक्षिणेच्या बाल्कनीत ऊन पार आत, दिवाणखान्यापर्यंत येतं. मेच्या मध्यावर सूर्य डोक्यावर येतो. तो शून्य सावलीचा दिवस, हल्ली शाळाशाळांतून मुलं काठी उभी करून बघतात तो. त्यानंतर जुलैच्या अखेरपर्यंत दुपारचा सूर्य चक्क थोडासा उत्तरेला असतो. म्हणजे वरच्या मजल्याचा स्लॅब असलेल्या दक्षिणेच्या बाल्कनीत मे महिन्यात दुपारी ऊन जवळजवळ शिरतच नाही.

काकूंची बाल्कनी दक्षिणेचीच होती. फेब्रुवारीत आम्ही विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, ऊन छान येतं. खरंच येत होतं. एप्रिल येईपर्यंत ते कठड्याबाहेर गेलं होतं. म्हणजे एका रोपावर दोन संकटं, वरून उकाडा आणि ऊन मात्र अपुरं.

तेव्हा दक्षिणेची बाल्कनी असेल तर तुमचा हंगाम ऑक्टोबर ते मार्च. टोमॅटो, मिरची, वांगी त्याच दिवसांत. पूर्वेची असेल तर सकाळचं कोवळं ऊन मिळतं, पालेभाजीला उत्तम. पश्चिमेची असेल तर उन्हाळ्यात दुपारी झाडं होरपळतात, तिथे हिरवी जाळी लागते. उत्तरेची असेल तर फळभाजीचा हट्ट सोडा, अळू आणि पुदिना लावा, आणि त्याचं वाईट वाटून घेऊ नका. आणि गच्ची असेल तर तुम्ही राजे. पण गच्चीचं वेगळं एक प्रकरण आहे, त्यावर येऊ.

बाल्कनीतून पोट भरत नाही

आता थोडा हिशेब करू. आमचे गणिताचे सर म्हणतात, बागेत उत्साह फार असतो, आकडे कमी असतात.

कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोलकरांचं नाव तुमच्यापैकी अनेकांनी ऐकलं असेल. प्रयोग परिवार ही त्यांची कल्पना. शेतकऱ्यानं आपल्या शेतावर स्वतः प्रयोग करायचा, नोंदी ठेवायच्या आणि एकमेकांना सांगायच्या. तासगाव भागातल्या द्राक्ष बागायतदारांनी या वाटेनं काय करून दाखवलं ते महाराष्ट्राला ठाऊक आहे. दाभोलकरांची एक मांडणी होती की, पाच माणसांच्या कुटुंबाला दहा गुंठे जमीन नीट वापरली तर पुरते. दहा गुंठे म्हणजे १०,८९० चौरस फूट. आपली बाल्कनी ४० चौरस फुटांची. म्हणजे दहा गुंठ्यांत अशा पावणेतीनशेच्या आसपास बाल्कन्या बसतील.

दुसरा हिशेब. ४० चौरस फूट म्हणजे ३.७ चौरस मीटर. हेक्टरी साडेतीन टन गहू, म्हणजे बऱ्यापैकी चांगलं पीक धरलं, तर तुमच्या सगळ्या बाल्कनीत मिळून एका हंगामात सव्वा किलोच्या वर जरासा गहू होईल. चार माणसांच्या घरात तीन दिवसांच्या पोळ्या. त्यासाठी चार महिने.

हे आम्ही तुम्हाला निराश करायला सांगत नाही. खोट्या आशेनं सुरू केलेली बाग लवकर बंद पडते, म्हणून सांगतो. बाल्कनीतून घर चालत नाही. मग काय चालतं? जे ताजंच चांगलं लागतं, थोडंच लागतं आणि बाजारातून आणलं की निम्मं वाया जातं, ते चालतं. चार काड्या कोथिंबीर. आमटीला कढीपत्ता. चहाला गवती चहाची पात. दोन मिरच्या. आठवड्यातून एकदा मेथी किंवा माठ. दोन-अडीच चौरस फुटांच्या ट्रेमध्ये दाट पेरलेली मेथी एका वेळच्या भाजीपुरती होते. असे चार ट्रे आठ-आठ दिवसांच्या अंतरानं पेरले, तर दर आठवड्याला एक वेळची पालेभाजी घरची. एवढं बाल्कनीत होतं. आणि एवढं पुष्कळ आहे.

सुरुवात डब्यातल्या मेथीनं

म्हणून आता आम्ही दुसऱ्या तासाला बी देतो, तेही विकत आणून नाही. "घरच्या डब्यातली मूठभर मेथी घेऊन या," म्हणतो. फोडणीत टाकतो तीच.

मेथीचं बी का? तर ते तीन-चार दिवसांत उगवतं. नवख्या माणसाचा धीर साधारण तेवढाच टिकतो. साधारण महिन्याभरात भाजी काढता येते. माती खोल लागत नाही, चार-पाच इंच पुरते. मासळीवाल्याकडचा थर्माकोलचा खोका, आंब्याची पेटी, जुनी प्लास्टिकची बादली, काहीही चालतं. खाली पाणी जायला भोकं मात्र हवीत. रंगाचे आणि रसायनांचे जुने डबे तेवढे घेऊ नका. आपण त्यातलं खाणार आहोत.

मेथी रात्रभर भिजवा. दुसऱ्या दिवशी ओल्या मातीवर पसरा, दाणा दाण्याला जवळजवळ टेकेल इतकी दाट. वर अर्धा सेंटीमीटर मातीचा थर. हातानं हलकं दाबा. झारीनं पाणी, धार नको, नाहीतर बी एका कोपऱ्यात जमा होतं. एवढंच.

मेथी झाली की धने. इथे एक गंमत आहे. आपण ज्याला एक धना म्हणतो, ते खरं तर छोटं फळ आहे आणि त्यात दोन बिया असतात. म्हणून धने लाटण्यानं हलके रगडून दोन फाका करायच्या आणि मग पेरायचे. आजी चपलेखाली रगडायची, तेही चालतं. पीठ मात्र करू नका. आणि धीर धरा, धने उगवायला आठ ते बारा दिवस लागतात. आमच्या पहिल्या तुकड्यांतले कितीतरी लोक सातव्या दिवशी कुंडी उकरून बघायचे. तिथेच घात व्हायचा. आता आम्ही कुंडीवर पेरल्याची तारीख चिकटवायला लावतो. "बारा दिवस झाले नाहीत तर हात लावायचा नाही," असा नियम. उन्हाळ्यात कोथिंबीर लवकर फुलावर येते, तेव्हा तिची हौस पावसाळ्याच्या अखेरीपासून हिवाळ्यापर्यंत भागवून घ्या. उन्हाळ्यात माठ, चवळी, भेंडी, गवार.

अति तिथे माती

आमच्याकडे येणारी मेलेली रोपं आम्ही बघतो, तेव्हा तहानेनं मेलेली थोडी असतात. बहुतेक पाण्यानं मेलेली असतात.

हे ऐकून लोक चमकतात. पण मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. मातीच्या कणांमधल्या पोकळीत हवा असते, ती मुळं वापरतात. रोज पाणी ओतत राहिलं की त्या पोकळ्या पाण्यानं भरतात, हवा संपते, मुळं कुजतात. कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही, म्हणून पानं माना टाकतात. पानं माना टाकतात म्हणून आपण आणखी पाणी घालतो. प्रेमापोटी चाललेलं असतं सगळं.

उपाय म्हणजे बोट. दुसऱ्या पेरापर्यंत मातीत बोट घाला. आत ओल लागली तर आज पाणी नाही. कोरडं लागलं तर घाला, आणि खालच्या भोकातून थेंब पडेपर्यंत घाला. रोज सकाळी ठरलेला तांब्या ओतणं म्हणजे पूजा झाली, सिंचन नव्हे.

पावसाळ्यात आणखी एक पथ्य. कुंडीखालच्या बशीत पाणी साचू देऊ नका. डेंगीचा डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवा डास तयार होतो. आठवड्यातून एकदा सगळ्या बशा उलट्या करा, घासा. भाजी पिकवताना शेजाऱ्याला ताप देऊ नये.

माती कमी, पाचोळा जास्त

आता गच्चीचं प्रकरण. गच्ची मिळाली की माणसाला वाफे करावेसे वाटतात. चांगली लाल माती आणायची, सहा इंच थर द्यायचा. जरा थांबा. एक घनफूट ओली माती ४५ ते ५० किलो भरते. सहा इंचांचा थर दिला तर चौरस मीटरला अडीचशे किलोच्या आसपास वजन होतं. लोकांच्या वावराची गच्ची बांधताना स्लॅबवर येणारा भार साधारणपणे चौरस मीटरला दीडशे किलो धरलेला असतो. म्हणजे तुमची बाग गच्चीच्या ताकदीबाहेर गेली. शिवाय मुळं आणि ओल वॉटरप्रूफिंगच्या थराला लागणार, आणि खालच्या मजल्यावर ठिपकायला लागलं की सोसायटीच्या सभेत तुमचा विषय पहिला.

म्हणून वजन मातीत घालवू नका. आम्ही साधारण तीन वाटे कुजलेला पाचोळा, एक वाटा शेणखत किंवा घरचं कंपोस्ट आणि एकच वाटा माती घेतो. हे मिश्रण मातीपेक्षा बरंच हलकं असतं. कुंड्या विटांवर ठेवा, म्हणजे खाली हवा खेळेल आणि गळती दिसेल. मोठे वाफे तुळईच्या वर, कडेला, आणि तेही स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारून. गच्ची जुनी असेल तर विचारल्याशिवाय मुळीच नाही.

मुंबईत पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२ च्या सुमारास अशी बाग उभी केली. हजारो कामगारांचा स्वयंपाक होणारं ठिकाण, त्यातून निघणारा ओला कचरा, आणि वर मोकळी गच्ची. कचऱ्याचं खत झालं आणि त्यावर फळझाडं, भाज्या उभ्या राहिल्या. ज्याला आपण घाण म्हणून खाली पाठवतो, तेच वर नेलं तर माती होते.

घरी हे करायला दोन भोकं पाडलेल्या बादल्या पुरतात. एक भरायची, दुसरी मुरायला ठेवायची. भाजीची देठं, साली, चहाचा चोथा एक भाग आणि सुका पाचोळा तेवढाच किंवा दुप्पट. वास हा तुमचा शिक्षक. आंबूस, कुजका वास आला की ओलं जास्त झालं, पाचोळा घाला आणि हलवा. काहीच होत नाही, नुसतं कोरडं पडलंय, असं दिसलं की थोडं ताक-पाणी शिंपडा. दोन-तीन महिन्यांत पहिल्या पावसासारखा वास यायला लागला की खत तयार.

खरं बघा, यात नवीन काहीच नाही. कोकणातल्या घरामागे मोरीचं पाणी जिथे जाई तिथे अळू आणि केळ असे. सांडपाणी वाया नाही, अळूला वेगळं पाणी नाही. ही रचना कुणी वर्गात शिकवली नाही. मूल आजीच्या मागे मागे परसात फिरलं की त्याला कळायचं. आता घरांना परसच उरलं नाही, म्हणून आम्हाला वर्ग घ्यावे लागतात. त्यामुळे नवख्या माणसाला काहीच येत नाही याचं हसू येऊ देऊ नका. त्याला मागे मागे फिरायला मिळालं नाही, इतकंच.

पुन्हा काकूंकडे

त्या उन्हाळ्यानंतर आम्ही काकूंच्या घरी गेलो. सरळ सांगितलं, "काकू, चूक आमची होती. तुम्हाला चुकीच्या महिन्यात चुकीचं रोप दिलं." त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "हे तुम्ही तेव्हाच सांगायला हवं होतं." बरोबर होतं त्यांचं. आम्हाला तेव्हा कळलंच नव्हतं, हेही तितकंच खरं.

ऊन मोजायचा तो कागद पहिल्यांदा वापरला तो काकूंच्याच बाल्कनीत. त्यांनी एक दिवस नाही, वर्षभर दर महिन्याला एकदा मोजलं. वही होतीच. सप्टेंबरच्या शेवटी त्यांनी मेथी पेरली. ऑक्टोबरमध्ये मिरची आणि टोमॅटो. त्या हिवाळ्यात टोमॅटो किती आले म्हणाल, तर फार नाही. दोन कुंड्यांत मिळून घरात चार-सहा वेळा कोशिंबीर झाली. पण मार्चअखेर फुलं गळायला लागली तेव्हा त्यांनी फोन करून सांगितलं, "फुलं गळतायत. उकाडा सुरू झाला. आता रोपं काढते आणि माठ पेरते." हाताच्या गुणाचा विषय त्यांनी काढला नाही. आमच्या मते त्या दिवशी त्या शिकल्या, आणि आम्हीही.

आता तुमचे प्रश्न.

मावा पडला की काय करायचं? सगळं झाड चिकट होतं.

पहिल्यांदा नुसत्या पाण्याचा जोरदार फवारा, पानांच्या खालच्या बाजूला. तीन-चार दिवस रोज. पुष्कळदा तेवढ्यात भागतं. नाहीच गेला तर लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचं तेल आणि साबणाच्या पाण्याचे थोडे थेंब, नीट हलवून, संध्याकाळी फवारा. उन्हात फवारलं तर पानं भाजतात. आणि झाडावर मुंग्यांची रांग दिसली तर समजा मावा आलाय. त्याच्या अंगातून पाझरणारा गोड चिकटा मुंग्या खातात आणि त्या बदल्यात त्याची राखण करतात. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला ढालकिडा दिसला तर त्याला मारू नका. तो मावाच खातो.

आमच्या भोपळ्याला फुलं येतात, पण फळ धरत नाही.

भोपळ्याला नर फूल वेगळं आणि मादी फूल वेगळं. मादी फुलाच्या मागे इवलासा भोपळा असतो, बघितल्यावर लगेच कळेल. उंच इमारतीत मधमाश्या पोचत नाहीत, मग ते काम आपण करायचं. सकाळी लवकर नर फूल तोडा, पाकळ्या काढा आणि मधला दांडा मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवा. सुरुवातीला नुसती नर फुलंच येतात, तेव्हा घाबरू नका. मादी फुलं मागाहून येतात.

अळू लावायचं म्हटलं, तर ते खाज आणतं. घरात लहान मूल आहे.

अळूत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, त्यांनी खाजतं. म्हणून आपण अळू भरपूर शिजवतो आणि चिंच किंवा आमसूल घालतो. कंद घेताना खायच्या अळूचाच, खात्रीच्या माणसाकडून घ्या. शोभेची, अळूसारखी दिसणारी पुष्कळ झाडं कुंड्यांतून असतात, ती अजिबात खायची नाहीत. मुलाला हेच सांगा: बागेतलं कुठलंही पान विचारल्याशिवाय तोंडात घालायचं नाही.

यातून पैसे वाचतात का?

पहिल्या वर्षी नाही. महागड्या कुंड्या, कोकोपीट, अवजारं घेतलीत तर दहा वर्षांतही नाही. खोका, पाचोळा आणि डबातली मेथी एवढ्यावर केलंत तर थोडे वाचतील. पण ज्याला फक्त पैसे वाचवायचेत, त्यानं मंडईत संध्याकाळी जावं, भाजी स्वस्त मिळते. आम्ही करतो ते दुसऱ्या कारणासाठी. एक जुडी मेथी व्हायला महिना जातो, हे एकदा हातानं केलं की मंडईत त्या जुडीसाठी घासाघीस करताना जीभ जरा अडखळते. आमची तरी अडखळायला लागली.

वेळ संपलीय. दारात कागद ठेवलेत, ऊन मोजायचे. जाताना प्रत्येकानं एक घ्या. येत्या रविवारी मोजा. आणि पुढच्या वेळी येताना डब्यातली मूठभर मेथी आणायला विसरू नका.